होऊन जाईल, म्याडम

फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी पूड, ही पायाच्या आखणीची वस्तू. चौथ्या मजल्यावर तिचं काही काम नसतं. त्यामुळे त्या दिवशी सकाळी साडेआठला मी घमेल्यात थोडी फक्की घेऊन वर गेले, एका फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन-अडीच फुटांचं वर्तुळ आखलं आणि वही-पेन घेऊन त्यात उभी राहिले, तेव्हा ब्लॉक वाहणाऱ्या बायका थबकल्या. एकीनं विचारलंच, "म्याडम, इथं कायची पूजा हाय?"

पूजा नव्हती, पण व्रतासारखं काहीतरी होतं खरं. आदल्या आठवड्यात कंपनीनं आम्हा दहा-बारा इंजिनिअरांना ‘लीन’च्या, म्हणजे कामातलं वाया जाणं शोधून कमी करण्याच्या पद्धतीच्या, प्रशिक्षणाला पाठवलं होतं. टोयोटाच्या कारखान्यात ही पद्धत ज्यांनी घडवली ते तैइची ओनो म्हणे नव्या इंजिनिअरसाठी जमिनीवर खडूनं वर्तुळ काढायचे आणि त्याला तासन्‌तास त्यात उभं करायचे. करायचं काही नाही, नुसतं बघायचं. काय काय वाया जातंय ते दिसायला लागेपर्यंत. मला ती कल्पना फार आवडली. पण आमच्या स्लॅबवर खडू उमटत नाही, म्हणून फक्की.

प्रशिक्षण हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये होतं. तीन जपानी शब्द आधीच घोकून घेतले: मुदा म्हणजे वाया जाणं, मुरा म्हणजे अनियमितपणा, मुरी म्हणजे झेपणार नाही इतका भार. ‘मुरी’ ऐकल्यावर मागच्या रांगेतला एक जण पुटपुटला, "आमच्याकडे मोरीच गळते." तो वॉटरप्रूफिंग बघायचा. ‘लीन’ला मराठीत काय म्हणायचं यावर जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. लीन हा आपल्याकडे आधीपासूनच शब्द आहे, देवापुढे लीन होण्यातला. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांना तो अर्थ मानवला नसता. मी ‘काटक’ सुचवला. अंगावर चरबी नाही पण दिवसभर चालून दमणार नाही, असा माणूस. कुणी मनावर घेतलं नाही, पण माझ्यापुरता मी तोच शब्द ठेवला.

तर मी वर्तुळात उभी राहिले. साडेआठ ते साडेबारा.

मी पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका साइटवर प्लॅनिंग बघत होते. म्हणजे खाली कंटेनरमधल्या ऑफिसात बसून बार चार्ट काढत होते. अकरा मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. माझ्या चार्टवर ‘चौथा मजला, ब्लॉकवर्क’ ही एक निळी पट्टी होती, नऊ दिवसांची. त्या पट्टीच्या आत काय असतं हे मी पहिल्यांदाच बघत होते.

पहिला पाऊण तास ब्लॉक यायचे होते. ब्लॉक साइटवर होते, हजारांनी होते. ट्रक आला तेव्हा ते गेटजवळ उतरवले. तिथे दुसऱ्या दिवशी काँक्रीटचा मिक्सर उभा राहणार होता, म्हणून उचलून पार्किंगमध्ये नेले. पार्किंगमधून माल-लिफ्टपाशी, लिफ्टनं चौथ्यावर, लॉबीतून खोलीत. एका ब्लॉकला भिंतीत बसायच्या आधी पाच वेळा माणसाचा हात लागत होता आणि प्रत्येक हाताला त्याचा एखादा कोपरा उडत होता. फार फुटलेले ब्लॉक बाथरूमच्या खोलगट भागात भराव म्हणून जात होते. भिंत व्हायला आलेला भराव होऊन बसला, आणि त्या भरावालाही आम्ही भिंतीचाच भाव मोजला होता.

लिफ्ट त्या सकाळी टाईल्सवाल्यांकडे होती. प्रोजेक्ट मॅनेजरांनी आदल्या संध्याकाळी त्यांना शब्द दिला होता, ब्लॉकवाल्यांना दुपारी दिला होता. गवंडी दोन, बिगारी चार. गवंड्यांनी दोरी बांधली, ओळंबा लावला, तंबाखू मळली. पाऊण तासानं ब्लॉक आले. तीन थर चढले आणि माझ्याच ऑफिसातला एक ज्युनिअर धावत वर आला. किचनच्या खिडकीची उंची बदलली होती, सुधारित ड्रॉइंग रात्री ईमेलनं आलं होतं. वरातीमागून घोडं. दोन थर उतरवले. मग मचाण हवं होतं, ते शेजारच्या फ्लॅटमध्ये प्लंबर वापरत होता.

मी वहीत मिनिटं लिहीत होते. चार तासांत गवंड्याच्या हातात ब्लॉक किंवा थापी होती असा वेळ एक तास वीस मिनिटं. बाकीचा वेळ तो आळशी होता का? अजिबात नाही. तो सतत काहीतरी करत होता: शोधत होता, हाका मारत होता, वाट बघत होता, बांधलेलं काढत होता.

जेवायच्या सुट्टीत मी मुकादमाला वही दाखवली. त्याला सगळी साइट मामा म्हणते. लातूरकडचा माणूस, तीस वर्षं पुण्यात भिंती उभ्या करतोय. त्यानं आकडे ऐकले, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "ते आमाला रोज ठाव असतंय. तुमाला आज कळलं एवढंच."

ओनोंच्याही आधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण लीनचं नाव निघालं की बांधकामातली माणसं एकदम ओशाळवाणी होतात. मोटारवाल्यांकडून शिका, असं आपल्याला सुनावलं जातं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं बांधकाम १९३० सालच्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १ मे १९३१ रोजी १०२ मजल्यांच्या त्या इमारतीचं उद्‌घाटन झालं. तेव्हा ओनो अठरा-एकोणीस वर्षांचे होते आणि टोयोटाची मोटार कंपनी निघायला अजून सहा वर्षं होती. भर शहरात माल ठेवायला जागाच नव्हती, म्हणून पोलाद नेमकं हवं तेव्हा यायचं आणि थेट वर चढायचं. विटांची तर मला फारच गंमत वाटते. एरवी विटा रस्त्यावर ओतायच्या आणि ढकलगाडीनं वाहायच्या, ही तिथलीही रीत. इथे ट्रक विटा घसरगुंडीवरून तळघरातल्या मोठ्या कोठीत ओतायचा, कोठीच्या तोंडाखाली छोटी गाडी यायची, ती भरून लिफ्टनं वर जायची आणि मजल्यावर टाकलेल्या रुळांवरून गवंड्यापर्यंत पोहोचायची. मजल्यामजल्यावर रूळ! आमच्या ब्लॉकला पाच वेळा लागणारा हात आठवा. मंदीचा काळ होता, माणसं स्वस्त होती, हे खरंच. पण माणसं तर आमच्याकडेही स्वस्तच आहेत. तेवढ्यानं विटांना रूळ मिळत नाहीत.

म्हणजे ही अक्कल बांधकामाला होती आणि नंतर ती कुठेतरी हरवली. १९९२ मध्ये लौरी कोस्केला या फिनलंडच्या संशोधकानं स्टॅनफर्ड विद्यापीठात बसून एक अहवाल लिहिला. तो म्हणतो ते सोप्या भाषेत असं: बांधकामवाले कामाकडे फक्त रूपांतर म्हणून बघतात. विटा आत, भिंत बाहेर. मधला प्रवाह, म्हणजे वाट बघणं, वाहणं, तपासणं, पुन्हा करणं, त्यांना दिसतच नाही, कारण ते कुठल्याच हिशोबात लिहिलेलं नसतं. माझी नऊ दिवसांची निळी पट्टी आठवून मी ते वाचताना जरा चरकले होते.

कारखान्याची सगळी अक्कल साइटवर जशीच्या तशी चालत नाही हेही खरं. तिथे गाडी सरकते, माणूस जागेवर असतो. आमच्याकडे इमारत जागेवर असते आणि माणसांच्या टोळ्या तिच्यातून सरकतात: आधी ब्लॉकवाले, त्यांच्यामागून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, प्लास्टर, टाईल्स, रंग. एखाद्या गाडीच्या डब्यांसारख्या मजला दर मजला वर चढत जाणाऱ्या. एक डबा अडला की मागचे सगळे अडतात, त्यांना काम उरत नाही. प्रशिक्षणात हे फाशांच्या खेळानं शिकवलं. सगळ्यांच्या फाशांची सरासरी एकच, पण कुणाचे फासे नेहमी पाच टाकतात, कुणाचे कधी एक, कधी नऊ. एक-नऊवाल्यांचा खेळ संपता संपत नाही. सरासरीच्या भरवशावर चालणाऱ्या आम्हा प्लॅनिंगवाल्यांना ते बघून कसंतरीच झालं. मामाला मी हा खेळ सांगितला तर तो म्हणाला, "मंजे पगार महिन्याला बरोबर, पण कवा येईल ते न्हाई सांगायचं."

एक दिवस मात्र आमची साइट अगदी वेगळी वागते, तो स्लॅबचा. तयार काँक्रीट प्लांटमध्ये भरल्यापासून दोन तासांत ओतून व्हायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. त्याचा साठा करता येत नाही, त्याला ‘बघू नंतर’ म्हणता येत नाही. मग आदल्या रात्री सळ्या, कव्हर ब्लॉक, टेकू तपासले जातात. व्हायब्रेटर एक लागत असेल तर दोन आणून ठेवतात. पंपवाल्याला तीनदा फोन जातो. कन्सल्टंटची सही मिळाल्याशिवाय पहिला मिक्सर प्लांटमधून निघत नाही. कुणाला काय लागणार आणि ते हाताशी आहे का, हे प्रत्येकाला माहीत असतं. स्लॅबच्या दिवशी आम्ही सगळे जपानी असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ब्लॉक गेटजवळ उतरवतो. प्लास्टर सुकून ठणठणीत होईल अशी धमकी देत नाही, म्हणून त्याला कुणी भीत नाही.

आणि प्लास्टर हीच आमची पापं झाकण्याची जागा आहे. आतलं प्लास्टर बारा मिलिमीटर असावं असं ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असतं. भिंत ओळंब्यात नसली की ते पंचवीस होतं, कधी तीस. स्लॅबची कड बाहेर आली असेल तर आधी छिन्नी घेऊन फोडा, कमी पडली असेल तर मसाला भरा. भिंत सरळ दिसते, फ्लॅट विकला जातो. जादा सिमेंट कुठल्या खात्यावर पडलं ते कुणी विचारत नाही.

वर्तुळानंतर दोन आठवड्यांनी आम्ही शनिवारची बैठक सुरू केली. ही ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकेतल्या दोघांची पद्धत. त्यांनी बांधकामावरच्या आठवड्याच्या योजना तपासल्या, तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम ५४ टक्क्यांच्या आसपास कामं त्या आठवड्यात पुरी होत होती. त्यावरचा त्यांचा उपाय साधा आहे. योजनेची शेवटची ओळ ऑफिसानं लिहायची नाही. जो ते काम करून घेणार, म्हणजे मुकादम किंवा फोरमन, त्यानं लिहायची. करायला हवं ते ऑफिस सांगेल, पण त्यातलं करता येईल काय आणि करतो काय, हे त्यानं सांगायचं. आठवड्याच्या शेवटी केलं की नाही ते बघायचं, आणि नसेल तर का नाही, ते शोधायचं.

उंटावरून शेळ्या हाकण्याची सवय असलेल्या माणसानं उंटावरून उतरायचं, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या शनिवारी कंटेनरमध्ये सहा मुकादम आले. खुर्च्या असूनही चौघं उभेच राहिले. भिंतीवर ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी रकाने आखले होते. रंगीत चिठ्ठ्या: ब्लॉक पिवळ्या, प्लंबिंग निळ्या, इलेक्ट्रिक गुलाबी. मी एकेक काम विचारत गेले आणि एकेक उत्तर येत गेलं. हिंदीवाल्यांकडून "हो जायेगा", मराठीवाल्यांकडून "होऊन जाईल, म्याडम". सव्वीस चिठ्ठ्या लागल्या. पुढच्या शनिवारी त्यातल्या अकरा झालेल्या होत्या.

‘होऊन जाईल’ हे वाक्य नीट ऐकावं. त्यात करणारा नाही, दिवसही नाही. काम आपोआप होणार आहे, पावसासारखं. वर्षानुवर्षं साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून शिव्या खाल्लेल्या माणसानं शोधून काढलेली ही वाट आहे. आम्ही इंजिनिअर तेच वाक्य हेड ऑफिसला इंग्रजीत लिहून पाठवतो.

पाचव्या शनिवारी सळईचा मुकादम, झारखंडचा पोरगेलासा मुलगा, पहिल्यांदा म्हणाला, "नहीं होगा, मॅडम." कंटेनर गप्प झाला. प्रोजेक्ट मॅनेजरांचा चेहरा तापला. मी घाईघाईनं विचारलं, का? तो म्हणाला, बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधून पाईप कुठून जाणार त्याचं ड्रॉइंग अजून मिळालेलं नाही. सळ्या बांधल्या आणि नंतर पाईप आला तर कापाव्या लागतील. ते ड्रॉइंग तेरा दिवस माझ्या ईमेलमध्ये होतं.

त्यानंतर नकार यायला लागले आणि प्रत्येक नकाराबरोबर एक कारण. आम्ही कारणं लिहून ठेवू लागलो. दोन महिन्यांनी मोजली तर ‘माणसं आली नाहीत’ हे चौथ्या नंबरवर. वरची तीन होती ड्रॉइंग, माल आणि आधीचं काम अपुरं. तिन्ही आमच्या ऑफिसातून जाणारी. आणि ‘माणसं आली नाहीत’ तेही आधीच कळण्यासारखं असायचं. होळीला कोण गावाला जाणार, कधी परतणार, पेरणीला कोण थांबत नाही, हे मुकादमांना चार महिने आधी माहीत असतं. माझ्या बार चार्टवर फक्त पंधरा ऑगस्टची सुट्टी होती.

सहा आठवडे पुढचं बघायची सवय लागली. ब्लॉक गेटजवळ न उतरवता ट्रकवरूनच पाट्यांवर रचून थेट लिफ्टपाशी जायला लागले. लिफ्टचं वेळापत्रक लिफ्टवरच चिकटवलं. रूळ काही आम्हाला जमले नाहीत. पण सव्वीसातल्या अकरावरून आम्ही एकोणीस-वीसवर आलो आणि मामाच्या गवंड्यांनी दहावा मजला सहा दिवसांत उचलला.

मग हेड ऑफिसला तो आकडा आवडला. कुठली साइट किती टक्के, याचा तक्ता निघाला. नव्वदच्या वर असेल त्या साइटला बक्षीस. तीन आठवड्यांत आम्हीही नव्वदच्या वर गेलो, त्यात आम्ही काय केलं हे सांगायला मला लाज वाटते. चिठ्ठ्या लहान केल्या. ‘फ्लॅटचं प्लास्टर’ऐवजी ‘बेडरूमची एक भिंत’. जे होणारच आहे तेवढंच कबूल करायचं. तक्त्यावर हिरवा रंग आला. काम मात्र होतं त्याहून हळू झालं.

पण मला बोचतं ते वेगळंच. मामा मापावर काम घेतो. चौरस फुटाचा, घनमीटरचा दर. त्याच्या माणसांना तो रोजची हजेरी देतो, गावाहून आणताना उचल दिलेली असते ती वेगळी. म्हणजे गवंडी जो पाऊण तास लिफ्टची वाट बघत तंबाखू मळत होता, त्याचे पैसे कंपनी देत नव्हती. मामा देत होता. मामाच्या खिशाला फार लागलं की तो हजेरी थकवायचा, आणि शेवटी ते बिगारी बायकांच्या रविवारच्या बाजारातून वळतं व्हायचं. म्हणून तो वेळ आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता. टोयोटाच्या कारखान्यात थांबलेल्या माणसाचा पगार कारखान्याला चावतो, म्हणून कारखाना थांबणं शोधत फिरतो. आम्हाला ते चावतच नव्हतं. आम्ही वाट बघायचं कामसुद्धा ठेक्यानं दिलं होतं.

थांबणं कमी झालं तसे मामाचे दिवस सुधारले. त्याच मापाचं काम कमी दिवसांत, म्हणजे हातात चार पैसे जास्त. त्यानं दोन गवंडी वाढवले, एक जुना मसाला मिक्सर घेतला, त्यावर हळदकुंकू वाहून मला नारळ फोडायला बोलावलं. आणि पुढच्या साइटचे दर ठरवायला तो हेड ऑफिसला गेला, तेव्हा समोरच्यानं आमच्याच नोंदी काढून ठेवल्या होत्या. तुमचा गवंडी आता दिवसाला एवढं काम करतो, मग मागचाच दर कसा मागता? दर उतरला. त्या नोंदी माझ्या अक्षरात होत्या.

मामानं काम घेतलं. मिक्सरचे हप्ते चालू होते.

नव्या साइटवर पहिल्या शनिवारी मी पुन्हा ड्रॉइंगच्या मागे रकाने आखले. सातव्या मजल्याच्या प्लास्टरची चिठ्ठी हातात धरून विचारलं, "मामा, हे शुक्रवारपर्यंत?" त्या मजल्यावर किचनचे पाईप अजून भिंतीत दाबायचे राहिले होते, आणि प्लंबर सोमवारी गावाहून यायचा होता. हे मला माहीत होतं. त्याला तर माझ्याआधी माहीत होतं. त्यानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"होऊन जाईल, म्याडम."

मी लिहिलं आणि चिठ्ठी लावली. धुळीनं तिचा डिंक धरेना, ती गळून खाली पडली. मामानं वाकून उचलली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.